चिंध्या बांधलेली बोटं

"आई, ही तू आहेस ना?"

मुलीनं फोन माझ्यासमोर धरला तेव्हा माझे हात पिठात होते. मी नुसतीच मान पुढं केली. फोटोत सहासात बायका होत्या. साडीवर पुरुषाचे जुने शर्ट, डोळ्यांपर्यंत बांधलेली तोंडं, पायांशी फुगलेली पोती. मधल्या बाईच्या कडेवर एक दीडदोन वर्षांचं पोर, आणि त्यानं रडून तोंड एवढं उघडलं होतं की पडजीभ दिसावी.

खाली लिहिलं होतं, की सावध राहा, कापूस वेचणाऱ्या बायकांचं सोंग घेऊन लहान पोरं पळवणारी टोळी ढाणकीजवळ फिरते आहे. काल रात्री एक पोर उचलून नेताना हा फोटो काढला आहे. दिसल्या की धरा, सोडू नका, सगळ्या ग्रुपवर पाठवा.

कडेवर पोर घेतलेली ती बाई मीच होते.

तोंड बांधलेलं असताना मुलीनं मला ओळखलं ते बोटांवरून. माझ्या बोटांना चिंध्या होत्या. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, आणि कापूस ओढताना ती नखाशेजारी बरोबर घुसतात. इथल्या बायकांची बोटं लहानपणापासून मुरलेली. मी समुद्राकाठची. भात लावलेलं, खडकावरची कालवं फोडलेली, पण कापूस पाहिला तो फक्त गादीत. म्हणून मी जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून बोटांना गुंडाळायची. आमच्या टोळीची म्होरकी एक म्हातारी होती, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "काय वं, बोटायचं लगीन लावून राह्यली का? एकेकाले नेसवून आणलं!"

आता 'टोळी' हा शब्द लिहितानासुद्धा हात अडखळतो. पण वेचणीला जाणाऱ्या आम्हा बायकांना तेव्हा सगळे टोळीच म्हणत. त्यात वावगं काही नव्हतं.

मी या मुलखात कशी आले ते सांगायला हवं. माझं माहेर रत्नागिरीकडे, खाडीच्या काठी. सहावीपर्यंत शिकले. सातवीची शाळा खाडीपल्याड होती, होडीत बसून जावं लागे, आणि एका पावसाळ्यात ती होडी बंद पडली ती पडलीच. माझी शाळाही तिथंच राहिली. लग्न झालं, नवरा फिटर. त्याला मुकुटबनच्या बाजूला, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये काम मिळालं आणि आम्ही दोन दिवस प्रवास करून इथं येऊन पडलो. पहिली काही वर्षं बरी गेली. मग बोंडअळीचं साल आलं. बाहेरून बोंड टवटवीत, आत उघडावं तर गुलाबी अळी आणि काळं पडलेलं सरकीचं पाणी. कापूसच नाही तर जिनिंग चालणार कशावर? यंत्रं महिनाभर फिरली आणि थांबली. नवरा बाजारात एका दुकानी जळालेल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरायला बसू लागला आणि मी मावशीच्या मागं वेचणीला जाऊ लागले.

मी स्वभावानं भित्री. आजही कडी लावली की परत जाऊन हात लावून बघते. त्या वेळी तर अनोळखी गावात, अनोळखी गाडीतून जायचं म्हणजे मी आधी गाडीचा नंबर पाठ करायची. गाडी एका चाचांची होती. त्यांचं खरं काम गॅरेजचं, पण हंगामात ते छोट्या टेम्पोतून बायकांना शेतावर नेत-आणत. पहिल्या आठवड्यात मी त्यांना सारखी विचारायची, चाचा, किती वाजता निघणार, घरी कळवलं का, रस्ता हाच ना? शेवटी ते वैतागले. म्हणाले, "बेटी, तू रोज माझा जीव खाते. आजपासून निघायच्या टायमाले मी सगळ्यायचा फोटो काढतो अन् घरी पाठवतो. तुझ्या मालकाले दिसन की बायको गाडीत बसून राह्यली. मग त खुश?"

तसंच सुरू झालं. रोज संध्याकाळी, पोती बांधून झाली की चाचा समोर उभे राहायचे आणि आम्ही सगळ्या एका रांगेत. त्या फोटोंत एक खोड होती. वरच्या कोपऱ्यात चाचांचा अंगठा हमखास यायचा, जाडजूड, ग्रीसनं काळा. बायका हसायच्या, "चाचा, तुमचा अंगठाच निस्ता पाठवा न, त्यालेच ओळखतेत घरचे."

तो फोटो अशा एका संध्याकाळचा होता. आमच्यातली एक तरुण पोरगी आपलं लेकरू शेतावर घेऊन यायची. ती पोत्याचं तोंड शिवत होती म्हणून मी लेकराला क्षणभर उचललं होतं. त्याला मी अजिबात आवडत नसे. त्यानं सूर लावला आणि चाचांनी तेवढ्यात बटण दाबलं. कोणाच्या तरी घरून तो कोणाच्या तरी ग्रुपवर गेला असणार. पुढं कोणी कापला, कोणी त्याखाली ते लिहिलं, देव जाणे.

नवऱ्यानं फोटो पाहिला आणि एवढंच म्हणाला, "उद्यापासून तू जायचं नाहीस."

मला ते ऐकून आधी बरं वाटलं. मग आठवलं, की बाकीच्या तर जाणारच. मधे दोन दिवस वेचणी नव्हती, तिसऱ्या दिवशी एका नव्या गावी जायचं ठरलं होतं. त्या गावात विहिरीच्या पाण्यावरचा थोडा कापूस अळीतून वाचला होता, आणि मावशीनं शेतवाल्याला शब्द दिला होता. शेजारच्या एका गावात भांडी विकणाऱ्या दोन बायकांना ह्याच फोटोपायी लोकांनी देवळात कोंडून बसवल्याचं कानावर आलं होतं. मी मावशीकडे धावले. ती लसूण सोलत बसली होती.

"मावशी, जाऊ नका."

"कायले नको जाऊ?" तिनं मान वर केली नाही. "माही कापसाची पऱ्हाटी अळीनं खाल्ली. आता हे मोबाइलमधली अळी मले घरी बसवन का?"

"ते मारतील मावशी. सोंग म्हटलंय त्यात. आपण कितीही सांगितलं की आम्ही वेचणाऱ्या आहोत, तरी ते म्हणतील, टोळीवाल्या असंच सांगतात."

तेव्हा तिचे हात थांबले. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. चोराचं सोंग घेतलं असं कोणी म्हटलं तर आपण चोर नाही हे दाखवता येतं. आमचं सोंग घेतलं म्हटल्यावर आम्ही आम्हीच आहोत हे कसं दाखवायचं?

रात्रभर मला झोप नव्हती. सकाळी मुलगी बाबांचा फोन मागून शाळेत घेऊन गेली. "मॅडमला दाखवते," म्हणाली. मी नको नको म्हणेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचलीसुद्धा.

तिच्या मॅडम यवतमाळच्या. वयानं तरुण, आमच्या गावात खोली घेऊन राहत. त्यांची एक रीत मुलीकडून मी ऐकली होती. शनिवारी त्या फोनवर आलेला एखादा मेसेज फळ्यावर जसाच्या तसा लिहायच्या आणि पोरांनी त्याला प्रश्न विचारायचे. हे सांगतो कोण? त्याला कसं कळलं? आणि आपल्याला स्वतः जाऊन कुठं पाहता येईल? एकदा असा मेसेज होता, की पऱ्हाटीवर आंबट ताक शिंपडलं की बोंडअळी एका रात्रीत मरते. पोरांनी शाळेमागच्या झाडांवर ताक शिंपडलं आणि दुसऱ्या दिवशी बोंडं फोडून पाहिली. मुलगी घरी येऊन सांगत होती, "आई, अळी आत मजेत! ताक बाहेर, ती आत. तिला कळलंसुद्धा नाही कोणी शिंपडलं ते." मी हसले होते. तेव्हा मला तो नुसता खेळ वाटला होता.

दुपारी निरोप आला, मॅडमनी बोलावलंय. येताना त्या लेकराला आणि त्याच्या आईलाही आणा.

सहावीचा वर्ग. मी जिथं शाळा सोडली तोच वर्ग. मी दारातच थांबले. मॅडमनी मला पुढं खुर्ची दिली. वीसपंचवीस पोरं माझ्याकडे टक लावून बघत होती. फळ्यावर तो मेसेज खडूनं लिहिलेला, आणि फोन या बाकावरून त्या बाकावर फिरत होता.

माझी मुलगी उभी राहिली. "मॅडम, हा मेसेज खोटा आहे. ही माझी आई आहे."

मॅडम म्हणाल्या, "तुझी आई म्हणते म्हणून खरं धरायचं का?"

मी खुर्चीवरून उठायला लागले. वाटलं, बोलावून अपमान करतात की काय. मुलीचा चेहरा लाल झाला. तिनं फळ्यावरचा मेसेज पुन्हा वाचला, मग म्हणाली, "नाही मॅडम. पण मग मेसेज म्हणतो म्हणून पण नाही."

"बस. आता शोधा."

आणि पोरं माझ्यावर तुटून पडली.

"काकू, फोटोतल्या तुमीच कायवरून?"

मी हात पुढं केले. चिंध्या होत्याच.

"चिंध्या त कोनीबी बांधन," मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला. तो बोलला ते खरं होतं. मला राग यायला हवा होता, पण मी त्याच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वयात मला कोणी छापलेलं काही दाखवलं असतं तर मी पाया पडले असते.

"तोंड काहून बांधता?"

"ऊन लागतं, धूळ जाते. आणि फवारलेलं असतं ना झाडावर."

"मेसेजमधी 'काल रात्री' लिवलं हाय," एक मुलगी फोन डोळ्याशी धरून म्हणाली. "पन इथं त ऊन हाय."

"रात्रीचं ऊन पडते का बे!" कोणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला.

मग दुसरी एक म्हणाली, तिच्या मामाकडे हाच फोटो आला, पण त्यात ढाणकीच्या जागी बाभुळगाव लिहिलं होतं. मॅडमनी दोन्ही गावं नकाशात दाखवायला लावली. एक पार जिल्ह्याच्या ह्या टोकाला, एक त्या टोकाला. "आता सांगा, त्याच बाया, तेच लेकरू, काल रात्रीच, दोन्हीकडे?"

शेवटी माझ्या मुलीनं बाबांना चाचांनी पाठवलेले जुने फोटो उघडले. एकेक मागं सारत ती दिवाळीच्या आधीपर्यंत गेली आणि थांबली. तोच फोटो, पण पूर्ण. मागं पांढरं शेत, बाजूला टेम्पो, पोत्यांच्या तोंडातून बाहेर आलेला कापूस. आणि वरच्या कोपऱ्यात चाचांचा काळा अंगठा. पसरलेल्या फोटोत बाकी सगळं कापून टाकलं होतं, पण अंगठ्याची कड राहिली होती. मॅडमनी दोन फोन शेजारी धरले आणि पोरं त्यांच्यावर चढायचीच बाकी राहिली.

'पळवलेलं' लेकरू तेवढा वेळ आईच्या मांडीवर बिस्किट खात होतं. कोणीतरी म्हणालं, काकू, त्याला घ्या ना कडेवर. मी घेतलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बिस्किट खाली टाकलं आणि अगदी फोटोतल्यासारखं तोंड उघडलं. मॅडमनासुद्धा हसू आवरेना. म्हणाल्या, "हा पुरावा मात्र कोणी कापू शकणार नाही."

किती दिवसांनी मी तशी हसले होते. पण परवाचं गाव डोक्यातून जात नव्हतं. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहा ना सगळ्यांना, की हा मेसेज खोटा आहे. तुमचं ऐकतील."

त्या म्हणाल्या, "ताई, मी लिहीन. पण मग तोही एक मेसेजच झाला की. ते मला ओळखतही नाहीत. आधी कोणाचं तरी ऐकून घाबरले, आता कोणाचं तरी ऐकून गप्प बसायचं? त्यांच्या पोरांना शोधू दे."

त्या नव्या गावच्या शाळेतले सर त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी सरांना फोन करून सगळं सांगितलं आणि पोरांसाठी दोन्ही फोटो पाठवले. खाली पोरांनी उत्तर लिहिलं नाही, फक्त प्रश्न लिहिले. ऊन कुठं आहे? वर कोपऱ्यात काय आहे? मागं काय होतं ते कोणी कापलं? सोबत एक ओळ माझ्या मुलीनं घातली, 'परवा ह्या बायका तुमच्या गावी येणार आहेत, तुम्ही स्वतः पाहून घ्या.'

मला ते पटलं नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं, एवढ्याशा पोरांच्या प्रश्नांवर आम्हा सहासात जणींचे जीव टांगले.

तरी त्या दिवशी मी गेले. नवरा नको म्हणत होता, पण फोटोत मी होते, आणि मीच घरी बसले असते तर बाकीच्यांना काय वाटलं असतं? मुलीनं माझ्या बोटांना पट्ट्या बांधून दिल्या. नेहमीपेक्षा जास्त घट्ट.

गावाच्या तोंडाशी पानटपरीवर माणसं उभी होती. टेम्पो दिसताच चारपाच जण रस्त्यात आले. एका तरुणाच्या हातात फोन. तो आमच्याकडे बघे, फोनकडे बघे.

"उतरा खाली. तोंड सोडा आधी."

चाचा खाली उतरले, सलाम केला. "भाऊ, वेचणीवाल्या हायेत. पाटलाच्या शेतावर चाललो."

"सगळे हेच सांगतेत. मेसेज पाह्यला न आमी."

आम्ही खाली उतरलो, मावशीनं तोंडावरचं फडकं ओढलं. "घे, पाह्य. एवढी म्हातारी पोरं पळवन का? मले चालता येत नाई धड, पळवीन काय!"

कोणी हसलं नाही. मी हात पदराखाली लपवले. त्या तरुणाची नजर नेमकी तिथं गेली. "हे कोन? हात काढ बाहेर."

तेवढ्यात शाळेकडून पोरं आली. पुढं सर, त्यांच्या मागं गणवेशातली दहाबारा पोरं. सर एका बाजूला उभे राहिले. दोन वेण्या घातलेली एक मुलगी सरळ माझ्यासमोर आली.

"हात दाखवा."

मी दाखवले. तिनं पट्ट्या बघितल्या, एक बोट उलटंपालटं करून पट्टीच्या कडेला साकळलेलं रक्त बघितलं. मग वळून मोठ्यानं म्हणाली, "हेच हाय. चिंध्यावाली. फोटोतली हेच हाय."

मी मावशीचा दंड धरला. माणसं एक पाऊल पुढं सरकली.

पण ती पोरगी त्या तरुणाकडे गेली. "दादा, तुह्या फोटोत वर कोपऱ्यात काय हाय?"

"कुठं?"

"हे काय, काळं काळं. आंगठा हाय. चोराचा फोटो चोरून काढन, त असा आंगठा लावून काढन का कोनी? हा यायचा हाय." तिनं चाचांकडे बोट दाखवलं. "चाचा, आंगठा दाखवा बरं."

चाचांनी गंभीरपणे अंगठा वर केला. त्या दिवशीही तो काळाच होता.

मग सगळी पोरं एकदम बोलू लागली. रात्री ऊन कसं, ढाणकी का बाभुळगाव, शेत कुठं गेलं. सरांनी पूर्ण फोटो आपल्या फोनवर उघडून दिला, पण तोंडानं ते काही बोलले नाहीत. टपरीशेजारच्या पारावर बसलेला एक म्हातारा उठून आला आणि त्या तरुणाला म्हणाला, "तुले कोन पाठवला रे हा?"

"ग्रुपवर आला बाबा."

"ग्रुपवर कोन टाकला?"

"आला... कोनीतरी."

"कोनीतरी," म्हातारा म्हणाला. "अन् त्या कोनीतरीपायी तू ह्या बायायले रस्त्यात उतरवलं."

तरुणानं मान खाली घातली, बोटानं काहीतरी पुसलं आणि फोन खिशात टाकला. टपरीवाल्यानं पाण्याची कळशी आणून आमच्यासमोर ठेवली.

शेतात पोचल्यावर मी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले आणि मला रडू फुटलं. थांबेचना. मावशी कमरेला कापूस वेचायची ओटी बांधत माझ्याजवळ आली. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, "रड, रड. पण तिकडं तोंड करून रड वं, कापूस ओला नको करू."

त्या संध्याकाळी चाचांनी फोटो काढला तेव्हा बायकांनी त्यांना अंगठा मुद्दाम पूर्ण घालायला लावला.

आठवड्याभरानं माहेराहून फोन आला. माझ्या भावाच्या फोनवरून आई बोलत होती. आवाज घाबरलेला.

"काय गो, बरी हायस ना? तुमच्याकडं म्हणे पोरं पळवणाऱ्या बायका फिरतायत. दादानं फोटो दाखवला. एक तर कसली दांडगी, रडतं पोर कडेवर घेऊन उभी. तू पोरीला एकटी सोडू नको गो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. वेचणीला जाते हे मी तिला कधी कळवलंच नव्हतं. तिला वाटे, जावई फिटर आहे, लेक घरी सावलीत बसून असेल. माझी मुलगी शेजारी कान लावून ऐकत होती. तिनं हळूच सांगितलं, "आई, तू उत्तर नको सांगू. आजीला बघू दे."

म्हणून मी म्हणाले, "आये, तो फोटो परत उघड. त्या बाईच्या बोटांकडं बघ."

पलीकडं खुडबूड झाली. भावाला हाक मारलेली ऐकू आली, चष्मा मागितलेला ऐकू आला. मग नुसता माहेरच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज. एवढ्या लांबून तो मला स्पष्ट ऐकू येत होता.

लहानपणी कालवं फोडायला जायचो तेव्हा तीच माझ्या बोटांना अशा पट्ट्या बांधायची. जुन्या लुगड्याच्या, आडव्या, शेवटी गाठ आतल्या बाजूला. तिच्याशिवाय तशी गाठ दुसरं कोणी घालत नाही. मी, आणि आता माझी मुलगी.

"गाठ आत हाय," आई म्हणाली. मग म्हणाली, "किती बारीक झालीस गो."